राखेतल्या सुया

गुणाजी काळसेकरला चोर म्हणायची कुणाची छाती नव्हती. घाटकोपरला आग्रा रोडच्या कडेला बनियन विणायचा एक कारखाना होता, पत्र्याच्या छपराचा, आठ गोल मशिनींचा. त्याच्या स्टोअरमध्ये गुणाजी सहा वर्षं बसत होता. स्टोअर म्हणजे तरी काय, आठ बाय दहाची खोली, एक दार, आणि समोर लोखंडी जाळीची खिडकी. त्या खिडकीतून सुताचे कोन द्यायचे, तेल द्यायचं, आणि मशिनीतली सुई मोडली की मोडकी घेऊन नवी द्यायची. नवख्याने बाहेरून बघितलं तर त्याला वाटावं, माणसाला कोठडीत घातलंय. गुणाजीला मात्र ती जाळी फार आवडायची. जाळीच्या आत तो राजा होता.

आणि हा राजा चार वर्षं रोज सुया चोरत होता.

थांबा, लगेच निकाल देऊ नका. त्याने एकही सुई घरी नेली नाही की विकली नाही. त्या सुयांच्या जिवावर तो कधी अर्धा कप चहासुद्धा प्यायला नाही. कारखान्याच्या सुया त्याने कारखान्यातच ठेवल्या. फक्त कुणाला सांगितलं नाही. आता ह्याला काय म्हणायचं ते तुम्ही ठरवा, त्याला स्वतःला तरी कुठे ठरवता आलं होतं!

खोड होती ती आईची. गुणाजी मालवणकडचा. त्याच्या लहानपणी पावसाळा लागला की आगबोटी बंद, वाटा बंद. चार महिने जे घरात असेल त्यावर घर चालायचं. म्हणून पावसाआधी बेगमी करायची. भात, मीठ, मिरच्या, सुके बांगडे, लाकडं. ही बेगमी सगळे करत. पण गुणाजीची आई त्याशिवाय एक मडकं वेगळं ठेवायची. त्यात कुळीथ, आणि कीड लागू नये म्हणून वरखाली चुलीतली राख. मडकं कुठे आहे ते नवऱ्यालाही माहीत नसे. समोर दिसलं की माणूस संपवतो, असं तिचं म्हणणं. आणि एकदा झाकलेल्या बेगमीला वेळ आल्याशिवाय हात लावायचा नाही, उकरून बघायचंसुद्धा नाही, हात लागला की बरकत जाते. एका वर्षी नारळी पौर्णिमा उलटून गेली तरी वादळाने आगबोट सुटेना. शेजारची पोरं पेज पिऊन झोपत होती, आणि गुणाजीच्या ताटात रोज कुळथाची पिठी येत होती. बापाने गपचूप खाल्ली, कुठून आली ते विचारलं नाही. आठ वर्षांच्या पोराला एवढा धडा पुरेसा होता.

तर कारखान्यातल्या सगळ्या वस्तूंत सुईच अशी होती की जिच्यावाचून सगळं अडावं. बोटभर लांबीची, टोकाला आकडा आणि आकड्याला इवलीशी झडप. एक मोडली की कापडात उभी रेघ सुटत जाते. मॅनेजर श्यामकांत गुप्ते, त्यांना जर्मनीच्याच सुया चालत. त्या यायच्या बोटीने, फोर्टातल्या एजंटामार्फत. गुणाजीने जेव्हा पहिल्यांदा ऐकलं की सुया बोटीने येतात, तेव्हाच त्याला मालवणची आगबोट आठवली. बोटीचा काय भरवसा! त्याने घरून डबाभर राख आणली. राख कशाला, असं त्याच्या बायकोने, प्रेमा तिचं नाव, विचारलं, तर म्हणाला, कारखान्यातली भांडी घासायला. आणली आणि स्टोअरच्या कोपऱ्यात सुतळीच्या ढिगाखाली एक मडकं भरून ठेवलं. मोडक्या सुया भंगारात जायच्या, त्या कुणी मोजत नसे. मग रोज बारा सुया मोडल्या की वहीत पंधरा लिहायच्या आणि वरच्या तीन राखेत सोडायच्या. चिमटीने मीठ टाकावं तशा.

सुरुवातीला त्या तीन सुया तो मशिनींवरच्या आठही बायकांच्या नावांवर वाटून लिहायचा. पण माणिक नावाची एक विणकरीण फटकळ होती. तिने एकदा खिडकीत डोकं घालून विचारलं, माझ्या दोन मोडल्या आणि तुम्ही तीन कशा लिहिल्या? गुणाजीने चूक झाली म्हणून खोडलं, आणि त्या दिवशी तो शहाणा झाला. तेवढ्यात सुलक्षणा कामाला लागली. त्याच्याच गावची, नवरा दोन वर्षांमागे गेलेला, पदरात क्षमा नावाची मुलगी, तिसरीतली. नोकरी गुणाजीनेच शब्द टाकून लावून दिली होती. ती त्याला काका म्हणायची. मोडकी सुई द्यायची, नवी घ्यायची आणि वहीकडे न बघता निघून जायची. मग गुणाजी तिन्ही सुया तिच्याच नावावर लिहू लागला. दोन मोडल्या तर पाच. सुया मुबलक होत्या, कोण बघायला बसलंय?

छप्पन सालचा नोव्हेंबर उजाडला. मुंबई तेव्हा मोर्च्यांनी आणि भाषणांनी तापलेली. सुवेझचा कालवा बंद पडला ही बातमी घाटकोपरात कुणी मनावर घेतली नाही. लांब कुठेतरी इजिप्तात काहीतरी झालं, आपलं काय जातंय! पंधरा दिवसांनी कळलं काय जातंय ते. आपल्या सुयांची बोट आफ्रिकेला वळसा घालून येणार होती. जानेवारीच्या अखेरीस बंदरात लागेल, तिथं बोटींची रांग, म्हणजे माल हातात यायला फेब्रुवारीचा पहिला आठवडा. गुप्तेसाहेब धावत फोर्टात गेले. परत आले ते तोंड पाडून. एजंटाकडे थोड्या सुया होत्या, पण मुंबईतल्या प्रत्येक बनियनवाल्याने घाबरून एकदम दुप्पट-तिप्पट मागणी नोंदवली होती. एजंट म्हणाला, खरी गरज कुणाची आणि खोटी कुणाची मला काय कळणार, मी कुणालाच देत नाही.

त्या आठवड्यात साकीनाक्याच्या एका कारखान्यातून गुप्त्यांना फोन आला. दोनशे सुया उसन्या द्या, बोट आली की परत करू. गुप्ते म्हणाले, अहो आमच्याकडेच नाहीत. गुणाजी तेव्हा ऑफिसच्या दारात उभा होता. सुया होत्या, त्यानेच मोजल्या होत्या. आणि साकीनाकावालाही काय धुतल्या तांदळासारखा असेल? त्यानेही कुठेतरी शंभर-दोनशे दाबून ठेवल्याच असणार. गुणाजीच्या एकदम ध्यानात आलं की साऱ्या मुंबईने आपापलं मडकं पुरून ठेवलंय, आणि त्यापायीच दुकानं रिकामी दिसतायत. आपण चार वर्षं शहाणपणा म्हणून जे केलं, ते सगळ्यांनी मिळून केलं की असं दिसतं तर.

कारखान्यात तर रोज नवी भानगड. दोन मशिनी आलटून पालटून बंद ठेवायला लागल्या, म्हणून गिरणीतून आलेलं सूत गोदामात साठायला लागलं. सूत साठलं म्हणून गुप्त्यांनी गिरणीला पुढचं सूत थांबवायला सांगितलं. बनियन कमी, म्हणून कुर्ल्याच्या खोकेवाल्याला खोकी नको म्हणून कळवलं. त्याने आपली दोन माणसं कमी केली. बोटभर सुई, पण कुठून कुठे वाट लावत गेली बघा.

मग एका गुरुवारी गुप्त्यांनी मोजदाद केली. सोमवारी सकाळी हातात सहाशे सुया असतील. पेटीला त्यांनी स्वतः सील लावलं आणि किल्ली स्वतःच्या खिशात टाकली. रोजच्या सुया मोजून तेच काढून देणार. नंतर त्यांनी गुणाजीची वही मागवली, दोन तास वाचत बसले, आणि गुणाजीला आत बोलावलं. साहेब तसे सरळ माणूस. ओरडणं नाही, टाकून बोलणं नाही, पेन्सिलीने कागदावर आकडे मांडून समजावून सांगायचे. रोज पंधरा मोडतात, म्हणजे चाळीस दिवस. आपल्याला हवेत साठ. आठपैकी सात मशिनी तर चालल्याच पाहिजेत, नाहीतर दादरचे व्यापारी हातचे जातील. मेकॅनिक दशरथ म्हणत होता की वाकलेल्या सुया मी ठोकून सरळ करतो, पण त्याच्याच्याने दिवसाला दोन झाल्या तर झाल्या, पंधरांत दोनाने काय होणार? म्हणून त्यांनी दुसरा मार्ग काढला होता. त्यांनी वही उलटी फिरवून गुणाजीसमोर धरली.

"हे बघा. सगळ्या बायकांच्या एक, फार तर दोन. ह्या एकटीच्या पाच. रोज. ती गेली की पंधराच्या दहा होतात, आणि दहाने बरोबर साठ दिवस. एकच मशीन बंद, एकच माणूस कमी. शनिवारी तिला मोकळं करतो."

गुणाजीने वहीकडे बघितलं. अक्षर त्याचंच होतं, वळणदार, एकाखाली एक. काय बोलायचं होतं त्याने? ती चांगली बाई आहे म्हणाला. साहेब म्हणाले, असेल, पण हात जड आहे.

तो जाळीआड येऊन बसला आणि पहिल्यांदा त्याला ती खोली लहान वाटली. खरं सांगावं, तर पुढचा प्रश्न होता, वरच्या सुया गेल्या कुठे? दोन वर्षांपूर्वी शेरभर सूत धोतरात लपवून नेताना पहारेकरी काशीराम सापडला होता. कारखान्याच्या मालक शेटने त्याला पोलिसांत दिलं, आणि साक्ष द्यायला उभा राहिला होता तो गुणाजीच. छाती पुढे काढून सांगितलं होतं त्याने, की कारखान्याची काडीसुद्धा इकडची तिकडे होता कामा नये. ते आठवून आता त्याचे कान तापले. न सांगावं, तर सुलक्षणा जाते. गावची पोर, आपणच आणलेली, आणि आपणच... पुढचं त्याने मनातसुद्धा म्हटलं नाही.

पण मडकं होतं ना! वेळ आली होती. ह्याच वेळेसाठी तर ते झाकून ठेवलं होतं. शुक्रवारी सकाळी सगळ्यांच्या आधी तो कारखान्यात आला तेव्हा मनात बेत पक्का झाला होता. कोपरा साफ करताना जुना गठ्ठा सापडला म्हणायचं. पाचशे काढायच्या, फार नाहीत. साहेब खूष, सुलक्षणा राहते, आपण उलट शाबासकी घेतो. आईला त्याने मनातल्या मनात नमस्कारसुद्धा केला. त्याने सुतळीचा ढीग बाजूला केला, मडक्यावरची करवंटी काढली आणि चार वर्षांत पहिल्यांदा राखेत हात घातला.

हात आत जाईना. वरची बोटभर राख भुसभुशीत होती, तिच्याखाली सगळं घट्ट. त्याने सळीने टोचलं, मडकं उलटं करून आपटलं. तांबूस, दगडासारखा एक गोळा बाहेर आला. राखेने चार पावसाळ्यांची ओल पिऊन धरली होती. कुळीथ त्या राखेत राहिले होते, कारण कुळथाला गंज चढत नाही. सुया जर्मनीहून यायच्या त्या तेलाच्या कागदात गुंडाळून. गुणाजी रोज तीन सुट्या सुया कागदातून काढून राखेत टाकत होता, आणि बेगमीला हात लावायचा नाही म्हणून एकदाही उकरून बघितलं नव्हतं. एक सुई त्याने ओढून काढली, ती हातातच मोडली. झडप तर केव्हाच गळून गेली होती. आई, तुझं मडकं मुंबईत चाललं नाही गं, असं तो खरोखर पुटपुटला, आणि मग स्वतःचाच त्याला इतका राग आला की त्याने तो गोळा भिंतीवर मारायला उचलला. पण आवाज होईल म्हणून खाली ठेवला. बघा, तेव्हाही आवाजाचीच भीती.

त्या संध्याकाळी सुलक्षणा त्याच्या भटवाडीतल्या खोलीवर आली. प्रेमाने तिला बसवलं, चहा दिला. ती रडलीबिडली नाही. नोकरीबद्दलही बोलली नाही. दोन्ही हात मांडीवर पालथे ठेवून त्यांच्याकडे बघत बसली. म्हणाली की आठ दिवस आपण सुई बसवताना श्वाससुद्धा धरून ठेवतोय, दिवसाला एकच मोडते असं आपल्याला वाटतं, पण साहेबांनी वही दाखवली, त्यात रोजच्या पाच. म्हणजे मोडलेलंसुद्धा आपल्याला कळत नाही. घरी क्षमाच्या वेण्या घालतानासुद्धा आता पेड दोनदोनदा मोजून बघावे लागतात.

मग तिने मान वर केली. "काका, माझ्या हातात काय खोट आसा? तुमी रोज बघतास. खरा काय ता सांगा."

प्रेमाने नवऱ्याकडे बघितलं. बोला की, पोरीला धीर द्या, असं तिच्या डोळ्यांत होतं. गुणाजीने बशीत चहा ओतला. थंड झाला तरी तो बशीतच राहिला. शेवटी म्हणाला, नाय गो, खोट नाय. ती उठून गेली. समजूत घालायला म्हणाले असंच तिला वाटलं असणार. एका बाईची नोकरी जात होती तिथवर गुणाजी कसाबसा तग धरून होता. पण ती आता स्वतःच्या हातांवर संशय घेत होती, आणि तो संशय त्याने रोज तीन तीन करून तिच्या नावावर लिहिला होता. त्याला जेवण गेलं नाही.

शनिवारी दुपारच्या सुट्टीत तो मडकं घेऊन ऑफिसात गेला. आधी वाटेत उभा राहिला, मागे वळला, परत वळला. सुया चांगल्या असत्या तर मडकं नेण्यात काही शान होती. आता हातात होता नुसता गंज. पण त्याच्या डोक्यात एक गोष्ट आली होती. विकल्या नाहीत ह्याला दुसरा पुरावाच नव्हता.

त्याने मडकं टेबलावर ठेवलं आणि सगळं सांगितलं. आई, आगबोट, राख, वही. सांगताना एकदाही थांबला नाही, कारण थांबला असता तर पुढे बोलू शकला नसता. गुप्त्यांनी गोळा कागदावर घेतला, पेन्सिलीने टोकरला. किती असतील म्हणून विचारलं. साडेतीन हजारांच्या वर, गुणाजी म्हणाला. साहेबांनी गंजाने माखलेली बोटं रुमालाला पुसली.

"विकल्या का नाहीत?" त्यांनी विचारलं.

गुणाजीला खरंच धक्का बसला. "साहेब, बेगमी कोण विकतं?"

गुप्त्यांनी चष्मा काढून पुसला आणि विचारलं की खऱ्या रोज किती मोडतात. बारा. आणि सुलक्षणाच्या? दोन, कधी एक. साहेबांनी जुना कागद ओढला, पंधराचा आकडा खोडला, बारा लिहिला. दशरथच्या दोन वजा केल्या. दहा. साठ दिवस. सुलक्षणाला काढून जो आकडा येत होता तोच, तिला न काढता. आठही मशिनी चालणार होत्या. पेन्सिल खाली ठेवताना त्यांचा हात जरा जोरातच आपटला.

"गुणाजीराव, तुमच्या साडेतीन हजार सुया धड असत्या तरी मला त्या नको होत्या. हा बारा आकडा हवा होता. तो तुम्ही मला चार वर्षं दिला नाहीत."

पोलिसांत देणार नाही, म्हणाले. शेटला मी मडकं दाखवीन. स्टोअरची किल्ली मात्र ठेवून जा. गुणाजीने किल्ली ठेवली. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा त्याला मोकळा श्वास घेता आला, आणि पुढच्याच क्षणी घरी प्रेमाला काय सांगायचं ते आठवून तो श्वास परत अडकला.

छत्री आणि डबा घ्यायला तो स्टोअरकडे गेला. सुलक्षणा अंगणात नळावर हात धूत होती. साहेबांनी माणूस पाठवून तिला सोमवारी ये म्हणून कळवलं होतं, पण का ते सांगितलं नव्हतं. ते गुणाजीने सांगितलं, थोडक्यात, जमिनीकडे बघत. ती शिव्या देईल असं त्याला वाटलं होतं. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"माझ्याच नावार कित्या, काका?" तिने एवढंच विचारलं.

खोटं बोलायला आता काही उरलं नव्हतं. "तू कधी विचारलंस नाय, म्हणान."

तिने ओले हात पदराला पुसले आणि आत गेली. सुट्टी संपल्याचा भोंगा झाला, मशिनी सुरू झाल्या. गुणाजी डबा पिशवीत घालून दाराशी पोचला तोवर जाळीच्या खिडकीशी दशरथ बसला होता, तात्पुरता. सुलक्षणा मोडकी सुई घेऊन खिडकीपाशी आली. नवी सुई घेतली, पण नेहमीसारखी निघून गेली नाही. तिने जाळीतून बोट आत घातलं आणि वहीवर ठेवलं.

"काय लिवलंस ता दाखव," ती म्हणाली.

दशरथने वही फिरवली. ओळ नीट वाचून झाल्यावरच ती मशिनीकडे वळली.